वहीत न लिहिलेली चिमूट

३ फेब्रु., मंगळ.
लॅबच्या प्रमुख मॅडमनी आमच्या संशोधनाच्या पेपरचा मसुदा पाठवला. पहिलं नाव, म्हणजे मुख्य श्रेय, लॅबमधल्या निखिलचं. (यापुढे नुसता नि. लिहिणार. पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.) माझं दुसरं. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून जिवंत बाहेर यावं म्हणून तीन वर्षं मी जिवाचं रान केलं. त्याने शेवटच्या चार महिन्यांत मायक्रोस्कोपवर त्याचं चित्र काढलं.
मॅडम म्हणाल्या, "चित्राशिवाय पेपर कुठाय, मृणाल?"
आणि प्रथिनाशिवाय चित्र कुठाय? तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. बंगळूरच्या ट्रॅफिकमध्ये, सर्जापूर रोडवर, दीड तास मनातल्या मनात भांडत बसले.

५ फेब्रु., गुरु.
आता ऐका. पेपर पाठवण्याआधी नि.ने प्रथिन एकदा स्वतःच्या हाताने काढून दाखवायचं, असं मॅडमचं म्हणणं. पहिलं नाव आहे ना. म्हणून माझी वही त्याला द्यायची.
दिली. पानापानाचे फोटो काढले पठ्ठ्याने. कुठला सौम्य साबण, किती टक्के, बर्फात किती वेळ, सगळं आहे त्यात. एक सोडून.
प्रथिन चरबीत वाढलेलं. नुसत्या साबणात दोन तास टिकतं, मग मान टाकतं. म्हणून पुढच्या धुण्यात मी साबणाबरोबर चिमूटभर कोलेस्टेरॉल घालते, फ्रीजमधल्या तपकिरी बाटलीतलं. वहीत मागाहून लिहू म्हणून राहून गेलं. देवाशप्पथ मुद्दाम नव्हतं.
आता मात्र मुद्दाम आहे.

१२ फेब्रु., गुरु.
नि.ची पहिली बॅच वाया. नळीच्या तळाशी पांढरा गाळ.
"अगं, अक्षर न् अक्षर तुझ्या वहीप्रमाणे केलं!"
"बफरच्या द्रावणाचा पीएच बघितलास?"
दिवसभर पीएच बघत बसला. मी कॅन्टीनमध्ये मसाला डोसा खाल्ला, वर दोन कॉफ्या. इतकं गोड जेवण बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

१७ फेब्रु., मंगळ.
साबणाची नवी बाटली मागव म्हटलं. मागवली. मॅडमना सांगत होता, मृणाल फार मदत करतेय. मला हसू आवरेना, खोकल्याचं नाटक करून बाहेर पळाले.

२४ फेब्रु., मंगळ.
दुसरी बॅचही गेली. नि.ची दाढी वाढलीय, कुणाशी धड बोलत नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
संध्याकाळी सरोजाक्कांनी कोल्डरूमबाहेर गाठलं. आमच्या पेशी वाढवतात त्या. घराणं तीन पिढ्या इथल्या चिकपेटातलं, मराठीत अर्धं कन्नड.
"ती तपकिरी बाटली तू काढतेस, तो काढत नाही. मी बघितलंय."
मी विचारलं, "त्याला सांगितलंत?"
"इल्ला, नाही. तुझ्यावर अन्याय झालाय, ते पण बघितलंय. पण दहा-दहा दिवस त्या पेशींना मी खायला घालते गं. रविवारी पण येते. दोन बॅच तुझ्या रागाला दिल्या. आता पुरे, सरी?"
मान हलवली. लाज वाटली, खूप. राग मात्र होता तिथेच आहे.

६ मार्च, शुक्र. दु. १२
कोल्डरूममध्येच लिहितेय, स्वेटर घालून. बोटं वळत नाहीयेत.
नि.ची तिसरी बॅच. प्रथिन साबणातून येऊन कॉलमला, गाळणीच्या उभ्या नळीला, धरलंय, आता धुवायचं. त्याने नळ उघडला तेवढ्यात मी आत शिरून बंद केला.
"थांब. हीपण जाईल."
"म्हणजे? तुला माहीत होतं?"
"हो."
"पहिल्यापासून?"
"हो. मॅडमना फोन लाव. पहिलं नाव माझं. मग सांगते काय कमी आहे."
"हे ब्लॅकमेल आहे, मृणाल."
"असेल."
आत रेंज नाही, म्हणून बाहेर गेलाय.

१२.५०
अजून बाहेरच. दाराच्या काचेतून दिसतोय, फोन कानाला, दुसरा हात कपाळाला. शेजारी सरोजाक्का. त्या त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघतायत. बाटली माझ्या एप्रनच्या खिशात. दोन तासांतली पन्नास मिनिटं संपली.

१.१५
नि. आत आला. आवाज पार बसलाय. "मॅडम हो म्हणाल्या. नाव तुझं. सांग आता, प्लीज."
मेल दाखव म्हटलं. येईल म्हणतो. खरं बोलतोय की बॅच वाचवायला थाप मारतोय, कळायला मार्ग नाही. पाऊण तास उरलाय. आणि खरं सांगायचं तर, मेल आला तरी सांगावंसं वाटत नाहीये. त्याला असंच अजून थोडा वेळ थंडीत उभं ठेवावं...
सरोजाक्का काच वाजवतायत, बोट माझ्या खिशाकडे.