पिवळा पेडल, काळा पेडल

बाबा, तुमचं बेंजोचं मशीन मी माळ्यावरून खाली काढलं. आईला विचारलं नाही. तुम्ही गेल्यापासून ते पोत्यात गुंडाळून पडलं होतं, शेजारी भोंगा पालथा, आणि त्यावर दरवर्षीच्या बियाण्याच्या रिकाम्या थैल्या. उतरवताना भोंगा शिडीवर आपटला आणि घरभर घुमला. आई अंगणात उडीद पाखडत होती. तिनं मान वर केली नाही, पण सूप थांबलं. तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी पोराला मशीनची आठवण कशी झाली. एका पेडलवरून झाली. खरं म्हणजे एका पोरीवरून झाली, पण आधी पेडलचं सांगू द्या, नाहीतर माझं डोकं तापतं आणि भलतंच लिहून बसतो.

मी गिटार वाजवतो. विजेवरची. तुमच्या बेंजोसारखीच, मशीनला जोडल्याशिवाय तिचा आवाज वीतभर पुढं जात नाही. पेडल म्हणजे पायाखाली ठेवायची एक लोखंडी डबी. गिटारची वायर एका बाजूनं तिच्यात शिरते, दुसऱ्या बाजूनं निघून मशीनकडे जाते, आणि मधे एक खटका. खटका पायानं दाबला की साफ आवाज फाटतो, त्याला धार येते, कुंपणाच्या तारेवरून काठी ओढल्यासारखी. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तुम्हाला हे नाव माहीत नव्हतं, तुम्ही नुसतं विचारायचे, "फाडू का जरासा?" माझ्याकडे असे दोन पेडल आले होते. काळा मी मोबाइलवरून मागवला, पटला नाही तर परत करता येईल असा. पिवळा अकोल्याच्या एका गिटारवाल्यानं ऐकून पाहायला दिला, जुना, कोपऱ्यावर रंग उडालेला. दोन्ही ठेवावेत अशी परिस्थिती नाही, सोयाबीन अजून शेतातच उभं आहे. एकच ठेवायचा होता, आणि तोही रविवारच्या आत ठरवायचा होता. रविवारी ती येणार होती.

ती आमच्या पार्टीत गाते. पार्टी म्हणजे मी, ऑक्टोपॅडवर माझा दोस्त, कीबोर्डवर त्याचा चुलतभाऊ आणि ती. गणपती-नवरात्रात गावोगावच्या मंडळांसमोर कार्यक्रम करतो. ती रिसोडची. वाशिमला नर्सिंग शिकते, सकाळच्या एसटीनं येते. मी कॉलेजात होतो तेव्हापासून ती एसटी मला पाठ आहे. कॉलेज सुटलं. सुटलं कसलं, दुसऱ्या वर्षाला भर वर्गात सरांशी भांडलो आणि उठून निघालो तो परत गेलोच नाही. पण स्टँडवर जाणं काही सुटलं नाही. फलाटाच्या खांबाला टेकून उभा राहतो, ती उतरते, "आज काय काम होतं वाशिमले?" म्हणते, मी म्हणतो, "स्प्रे पंपाचा वॉशर." आता इतके वॉशर झाले की दुकान टाकता येईल. तिला सगळं कळतं. मी बोललो नाही, तिनं विचारलं नाही. बोलायला गेलो की माझ्या तोंडून प्रेमसुद्धा भांडणासारखं निघतं.

गणपतीत मेडशीला कार्यक्रम होता. तेव्हा माझ्याकडे एक उसना पेडल होता, एकदा चालू केला की बंद करेपर्यंत जाळतच राहणारा. पोरं नाचत होती, माझ्या अंगात वारं शिरलं होतं. कार्यक्रम संपला, वायरी गुंडाळत होतो, तर ती समोर येऊन उभी राहिली.

"मले माहाच आवाज ऐकू येत नव्हता."

"मंग मोठ्यानं गायचं ना."

"किती मोठ्यानं? तुह्या गिटारीपुढं थ्रेशर लावलं तरी ऐकू नाही येणार."

"लोकं नाचून राह्यले होते ना?"

"नाचू दे. मले काय नाचणाऱ्याइले गोळा कराचं हाय? मले गायचं हाय."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण कान तापले होते. म्हटलं, "मंग दुसरी पार्टी पाह्य." ती म्हणाली, "हाव, पाह्यतेच." रिसोडची एक पार्टी तिला आधीपासूनच बोलावत होती, हे मला दोस्तानं नंतर सांगितलं. वर म्हणाला, "अबे, तुह्या तोंडालेही एक आवाज कमी कराचं बटन पायजे होतं." त्यानंतर तिनं माझा फोन उचलला नाही. मी स्टँडवर गेलो नाही, म्हणजे गेलो, पण रसवंतीच्या मागं उभा राहिलो. मग दोस्तामार्फत निरोप आला, की नवरात्राच्या आधी एकदा प्रॅक्टिसला येऊन पाहीन. तसंच असलं तर रिसोडवाल्यांना हो म्हणून टाकीन.

म्हणून पेडल. तुम्हाला हसू येईल. पोरगी रुसली तर माणूस माफी मागतो, आणि तुमचा पोरगा डब्या बदलत बसला.

घरातल्या लहान स्पीकरवर मी दोन्ही आळीपाळीनं लावत राहिलो. दिवसा शेतात, आल्यावर हेच. काळा भारी होता. बोट कसंही पडलं तरी आवाज भरून निघायचा, हळू वाजवा नाहीतर जोरात, तो आपला पेटलेलाच. पिवळा त्याच्यापुढं आजारी वाटायचा. हळू वाजवलं तर चालू आहे की बंद तेही कळेना, वाकून लाल दिवा बघावा लागायचा. दोस्त ऐकायला आला, खाटेवर पाय पसरून म्हणाला, "पिवळा वापस कर बे. गॅस संपलेल्या शेगडीवानी हाय." मलाही पटलं. पिवळा कापडात गुंडाळून ठेवला. पण एक शंका राहिली. मंडळाच्या कार्यक्रमात आमचा आवाज असल्या लहान डब्यातून जात नाही, तो मोठ्या पेट्यांतून आणि भोंग्यांतून जातो, आणि भोंग्याचा आवाज मुळातच अर्धा फाटलेला असतो. आधीच फाटलेल्यात काळा कसा लागतो ते ऐकायचं होतं. घरात भोंगा एकच. तुमचा.

मशीन पुसताना बघितलं, आवाजाच्या बटनाला टोपी नाही, नुसता लोखंडी दांडा. टोपी कुठं गेली ते मला माहीत आहे. अनसिंगची वरात आहे. तुम्ही गाड्यावर उभे, बेंजो समोर, डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारखी चाललेली, उजव्या हातात तारा छेडायला साबणाच्या डबीतून कापलेला प्लास्टिकचा तुकडा. मी मागच्या पेटीवर बसलेला. नवरदेवाचा मावसभाऊ, दिवस मावळला तरी काळा चष्मा लावलेला, खालून ओरडतो, "ओ बेंजोवाले, जेवले नाही का? आवाज मरून राह्यला!" लोक हसतात. मला पाठीमागून तुमचे कान दिसतात, ते लाल होतात. तुम्ही बटन पिरगाळता, टोपी हातात येते, ती तुम्ही गर्दीत भिरकावता आणि उघडा दांडा धरून पार शेवटापर्यंत फिरवता. आणि बाबा, मग जो आवाज निघाला! एकच फेरी. अख्खी वरात किंचाळली, चष्मेवाला गुडघ्यावर बसून नाचला. मग भोंग्यात टप् झालं आणि सगळं मेलं. ढोलवालाही घाबरून थांबला. घोड्याचं फुरफुरणं ऐकू यायला लागलं. तुम्ही थांबला नाहीत. तसाच कोरडा बेंजो वाजवत राहिलात, जो फक्त मला आणि पुढच्या दोन म्हाताऱ्यांना ऐकू येत होता. त्यातली एक गाड्याला कान लावून म्हणाली, "आता कळून राह्यलं कोनतं गानं हाय ते." सगळे हसले, तुम्हीसुद्धा. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "भोंग्याचं युनिट गेलं." आई म्हणाली, "युनिट गेलं का डोकं गेलं?"

मला त्या वरातीतली ती एक फेरीच लक्षात राहिली. भोंगा मरायच्या आधीची. मी कोणत्याही पेडलमध्ये तीच शोधतो, हे मला दांडा धरून बसलो तेव्हा कळलं. आणि काळ्यात ती सापडली होती.

युनिट तुम्ही पुढं बदललं होतं, ते अजून चालतं. मी काळा जोडला, भोंगा अंगणाकडं केला आणि सुरू झालो. शेजारच्या शेळ्या दोर ताणून उभ्या राहिल्या. मी डोळे मिटून वाजवतोय. मेडशीचं स्टेज, ती, चष्मेवाला, वर्गातले सर, सगळ्यांना एकदम सुनावतोय. खांद्यावर पिठाचा हात पडला तेव्हा डोळे उघडले. आई उभी.

"तीनदा हाक मारली. बहिरा झाला का?"

"भोंगा चालू हाय ना माय. कसं ऐकू येईन?"

"तुह्या बापाले तं ऐकू ये. याच भोंग्यातून वाजवे, अन् एका हाकेत ऐके."

"बटन बारीक करत असतील."

"बटनाले तं हातच नाही लावे. मी हाक मारली का हात हलका करे, का बेंजो आपोआप साफ होये. 'बोल,' म्हणे. माहं बोलनं झालं का पुन्हा फाडे."

तिनं हे असं सांगितलं, जसं दूध कधी उतू जातं ते सांगावं. आणि मला तुमचा फटका आठवला. मी असाच तुमच्या मशीनचं बटन फिरवायला गेलो होतो, तुम्ही मनगटावर सटकन मारलं होतं. "बटनाले हात नाही लावाचा. तुले देवानं हात कायले देला?" मला वाटलं होतं, बटन तुटेल म्हणून मारलं. टोपी तर तुम्हीच फेकून आला होता, म्हणून राग फार दिवस धरला.

मी पिवळा कापडातून काढला आणि भोंग्याला लावला. जोरात हाणलं, फाटला. हात हलका केला, तर पायाखालचा खटका तसाच चालू असताना आवाज साफ झाला, धुतलेल्या काचेसारखा. पुन्हा हाणलं, पुन्हा धार. काळ्यावर हेच करून बघितलं; हात हलका केला तरी तो आपला ओरडतोच. लहान स्पीकरवर पिवळा आजारी वाटला, कारण तिथं मी एकटाच होतो. मधे कुणाला बोलायचंच नव्हतं. आई चुलीकडं गेली होती. तिथून, मुद्दाम, नेहमीपेक्षाही हळू म्हणाली, "मिठाची पुडी आन बरं दुकानातून." ऐकू आलं, बाबा. वाजवता वाजवता ऐकू आलं. मी म्हटलं, "आणतो." ती म्हणाली, "मीठ हाय घरात. पाहून राह्यली होती."

रविवारी दोस्ताच्या, गुरांचं कुटार भरलेल्या शेडमध्ये प्रॅक्टिस होती. ती आली, माझ्याकडं न बघता माइकची वायर सरळ केली. मी पिवळा जोडला, दोस्तानं ताल धरला. पहिलं कडवं मी बोटांच्या टोकांनी वाजवलं, जणू तारा तापलेल्या आहेत. तिचा आवाज माझ्या आवाजावरून असा निघून गेला, जसा पाटाच्या पाण्यावरून वारा जातो. दुसऱ्या कडव्याला तिनं एक जागा घेतली, ती मला इतकी आवडली की राहवलं नाही आणि मी हाणलं. शेडचे पत्रे वाजले. मला वाटलं, संपलं. ती थांबली नाही. पेडलकडं नाही, माझ्या उजव्या हाताकडं बघत गात राहिली, आणि माझा हात, देव जाणे कसा, खाली आला. ती बघत होती म्हणून आला. नसती बघत तर आला असता का, ते मला माहीत नाही.

गाणं संपल्यावर दोस्तानं विचारलं, "कसा वाटला नवीन पेडल?"

"पेडल चांगला हाय," ती म्हणाली, पर्स खांद्याला अडकवत.

मी विचारलं, "म्हणजे येणार ना?"

"पहिल्या माळेले येईन. मंग पाहू."

"अन् रिसोडवाले?"

"त्याइलेही तेच सांगतलं. पाहू म्हणून." मग दारातून वळून, "अन् स्टँडवर यायचं तं समोर उभा राह्यत जाय. रसवंतीवाला मले विचारते, तो चोर हाय का म्हणून."

दोस्त इतका हसला की कुटारात पडला. मी मनात माळा मोजत होतो. अजून मोजतो आहे. नवरात्राला नऊ माळा असतात आणि ती पहिलीचंच बोलली.

मशीन पुन्हा माळ्यावर ठेवलं आहे. हा कागद कुठं पाठवायचा नाही. बोळा करून भोंग्याच्या मागच्या भोकात घालतो, तिथून पाली शिरतात. एकच राहिलं. काळा पेडल परत न्यायला आज माणूस आला होता. आईनं सांगितलं, पोरगा घरी नाही. मी दाराआड उभा होतो, मीच तिला तसं सांगायला लावलं. तो गेल्यावर तिनं विचारलं, "काहून ठेवला?" मी म्हटलं, असू दे. वरातीतली ती एक फेरी त्यात आहे, हे तिला नाही सांगितलं. तो मी तुमच्या मशीनच्या मागं, बियाण्याच्या थैल्यांखाली ठेवला आहे. अकोल्यावाल्याला पिवळ्याच्या पैशांचं काय सांगायचं ते उद्या बघू. त्या पोरीला काही कळू देऊ नका.