धरणाकाठची मेंढरंवाली

आई, धरणाकाठच्या त्या बाईबद्दल तुला विचारायचं राहून गेलं. तू आजारी होतीस तेव्हा असलं काही विचारणं बरं दिसलं नसतं, आणि नंतर विचारायला तू नव्हतीस. मधे इतकी वर्षं गेली की वयानं मी आता तुझ्यापुढे निघून गेले आहे. पण गेल्या रविवारी भर दुपारी ती बाई आमच्यात येऊन बसली, आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही.

तुला आठवतं, पुण्याला शिकणाऱ्या मामानं एका दिवाळीला तो खेळ आणला होता. इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि थैलीत रंगीत फासे, कुणाला चार बाजू, कुणाला वीस. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, मामा सांगत होता. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. समोर दार आहे, काय करता, असं सांगणारा विचारतो. खेळणारा आपण काय करतो ते बोलतो, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. सुट्टी संपली, मामा गेला, खेळ तुझ्याकडे राहिला. शाळेतून आलीस की पदर खोचून तू भाकरी थापायला बसायचीस आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता आम्हा दोघांना किल्ल्यात, भुयारात घेऊन जायचीस. फासा घरंगळून स्टोव्हखाली जायचा म्हणून रिकामं पितळी ताट पुढे सरकवायचीस. भाऊ पुजारी झाला होता, मी तिरंदाज. पुस्तकातले राक्षस तुला फारसे आवडायचे नाहीत. दोन-चार मारून झाले की तू आम्हाला पाण्याकडे वळवायचीस.

ते धरण मला ओळखीचं वाटायचं. तुझ्या माहेरची माणसं बीडजवळ पालीच्या बाजूला मेंढरं राखायची, तिथलंच ते असणार. काठावर एक बाई बसलेली असायची. तिच्या भोवती मेंढरं चरतायत, त्यांच्या गळ्यात घंटा आहेत, पण घंटा वाजत नाहीत. पुढ्यात विस्तव आहे, त्याला धूर नाही. आम्ही जवळ गेलो की ती वर न बघता विचारते, "कुटं निघालाव? जेवलाव का?" हे बोलताना तुझा आवाज बदलायचा. शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा तो आवाज नसायचा, तुझ्या माहेरचा असायचा, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तुला कळायचं नाही. तिच्याजवळ बसलं की आमच्या जखमा भरून यायच्या. झेरॉक्समध्ये असली बाई कुठेच नव्हती. मी शोधून पाहिलं होतं.

एका संध्याकाळी भाऊ म्हणाला, "आई, ही बाई मेलेली हाय. मी मंत्र म्हणतो." पुजाऱ्याला तो मंत्र होता. मी लगेच झेरॉक्स आणून नियम वाचला. फासा चांगला पडला आणि समोरचं माणूस मेलेलं असलं, तर ते निघून जातं आणि त्या जागी पुन्हा कधी येत नाही. जिवंत असलं तर मंत्राचा काही परिणाम होत नाही. तू पिठाचे हात तसेच ठेवून आमच्याकडे बघितलंस.

"कावून? तिनं काय वाकडं केलं तुमचं?"

"नियम हाय ना, आई," मी म्हणाले.

"नियम हाय म्हणून कुणालाबी हाकलायचं व्हय? टाकायचा तर टाक बाबा. पर मग जे हुईल ते हुईल. मी बदलणार न्हाई."

भावानं फासा मुठीत खुळखुळवला आणि हळूच ताटाबाहेर ठेवून दिला. त्यानंतर तुझं दुखणं निघालं, दवाखाना लागला. आमचा पुजारी आणि तिरंदाज त्या विस्तवाशेजारीच राहिले.

मी आता बीडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. रविवारी कोचिंग क्लासच्या रिकाम्या खोलीत आम्ही खेळतो, सांगणारी मी असते. खेळणारे तिघं: क्लास ज्यांचा आहे ते फिजिक्सचे सर, कोर्टातले एक क्लार्क, आणि अलीकडे आलेली एक तरुण मुलगी. ती जनावरांची डॉक्टर आहे आणि खेळात पुजारीण. मी त्यांना डोंगर दाखवले, बाजार दाखवले, शापित राजे दाखवले. ती बाई मात्र कधी आणली नाही. तिच्याविषयी कुणाशी बोललेही नाही.

गेल्या रविवारी खेळात आमची मंडळी डोंगर उतरून खाली आली. समोर पाणी आहे, एवढं मी सांगितलं, आणि पाण्यातल्या सापाची माहिती बघायला पुस्तकात डोकं घातलं. मान वर केली तर तिघं माझ्याकडे बघत होते. मग डॉक्टर म्हणाली, "मी तिच्याजवळ बसते. म्हणते, न्हाई जेवलो अजून."

"कुणाजवळ?"

"मेंढरंवाल्या बाईजवळ. तुमीच तर विचारलं ना मॅडम आत्ता, कुटं निघालाव, जेवलाव का."

क्लार्क हसले. "लई भारी आवाज काढला, मॅडम. आमच्या आत्याची आठवण आली."

आई, माझ्या तोंडात ती भाषा आता राहिलेली नाही. वर्गात बोलून बोलून ती कधीच गेली. मी काही बोलायच्या आत डॉक्टर पुढे सरकली. "पर मेंढरांच्या घंटा कावून वाजत न्हाईत? विस्तवाला धूर न्हाई. मला संशय हाय. मी मंत्र म्हणते."

घंटांचं आणि धुराचं मी सांगितलेलं मला आठवत नव्हतं. तिनं तुमचं काय वाकडं केलं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. फिजिक्सचे सर नियमाला फार पक्के. ते म्हणाले, "ती जिवंत की मेलेली, हे मॅडमनी आधी ठरवलेलं असणार. फासा पडल्यावर बदलायचं नाही." मी मान डोलावली. मी काहीच ठरवलेलं नव्हतं. डॉक्टरनं फासा टाकला, अठरा पडले. एवढ्या आकड्यापुढे मेलेलं कुणीही टिकत नाही.

बाहेर रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालू होता आणि बंद खोलीत करपलेल्या भाकरीचा वास आला. फळ्याजवळ, माझ्या पाठीमागे, कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटलं. मी वळले नाही. म्हणाले, "काही होत नाही. ती तिथंच आहे. तिनं तुझ्याकडे बघितलं, आणि ती ताट वाढायला घेतेय."

"म्हणजे जिवंत," सर म्हणाले.

"हो. जिवंत."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एसटीनं मांजरसुंब्याला गेले. भावाचं तिथं चौकात हॉटेल आहे. गल्ल्यावर पोऱ्याला बसवून तो माझ्यासमोर येऊन बसला, आणि मी सांगायला लागल्यावर त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. माझं सांगून झाल्यावर त्यानं कप टेबलावर ठेवला. बाहेर ट्रक लागत होते, निघत होते.

"ताई, मी टाकलता फासा," तो म्हणाला.

"कधी?"

"दवाखान्यात. तू परीक्षेला गेलतीस. आईला लई दुखत होतं, तरी तीच म्हणली, चल खेळू थोडं. मला वाटलं, आता इचारलं न्हाई तर कधीच कळायचं न्हाई. नर्सच्या ट्रेमधी टाकला. लई चांगला पडला."

"मग?"

"आईनं डोळे मिटले. म्हणली, उठली बघ ती. मेंढरं घेऊन पाण्यात चालली. मी रडाया लागलो. म्हणलो, आई, तिला परत बोलव, मला न्हाई खेळायचं. तर म्हणली, आता न्हाई येत रे ती तुझ्यात. पर ताईला सांगू नको. ताईनं कुटं फासा टाकलाय? तिच्यात ती अजून हाय."

आई, तू असं म्हणालीस का गं? तो लहान होता, घाबरलेला होता, नंतर मनानं काही जोडलं असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण त्यानंतर तो फाशाला कधी शिवला नाही, हे मला माहीत आहे. मला वाटायचं, हॉटेलापायी त्याला वेळ नसतो.

एसटी आली तेव्हा तो सोडायला रस्त्यापर्यंत आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "रविवारी येती का ती परत?"

"माहीत नाही रे."

"आली तर सांग, मी चुकून टाकलता." गाडी हलली तसा तो दोन पावलं बरोबर चालला. "आणि पोटभर जेवतो म्हणाव."

मी सांगेन. ती आली, आणि या वेळी माझं बोलणं माझं मला ऐकू आलं, तर नक्की सांगेन. कॉलेजच्या कागदांवर हे सगळं लिहून काढलं आणि घडी घातली. पाकिटावर काय लिहायचं ते कळत नाही, तेव्हा ते तसंच राहील. आणखी एक सांगायचं होतं. आमचा खेळ कुठवर आला ते लक्षात राहावं म्हणून डॉक्टर मोबाइलवर रेकॉर्डिंग करते. रविवारचं तिनं काल पाठवलं. क्लार्कनी ते घरी आत्याला ऐकवलंसुद्धा. मी अजून उघडलेलं नाही. तुला वाटेल, मी घाबरले आहे. तसं नाही, आई. त्यात आवाज माझाच निघाला तर मला फार वाईट वाटेल.