मीटरच्या वेळेप्रमाणे

ती. ग्रिझेलताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे मर्डोचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढाच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या थर्सो गावच्या वाऱ्यानं यंदा कुणाचं छप्पर नेलं? इकडे विक गावात सर्व ठीक. घर उबदार आहे, मी मजेत आहे, आणि उना रागावून तुमच्याकडे निघून आली याचं मला मुळीच काही वाटलेलं नाही.

तिनं तुम्हाला एकच बाजू सांगितली असणार, म्हणून दुसरी कळवतो. नगरपालिकेनं आमची कोळशाची शेकोटी बुजवून भिंतीला विजेची पेटी ठोकली. तिच्या पोटात विटा असतात. रात्री वीज स्वस्त, तेव्हा विटा तापून घेतात आणि दिवसभर ती ऊब सोडत बसतात. पेटीला दोन बटणं: एक, रात्री किती ऊब भरायची त्याचं, दुसरं, दिवसा किती सोडायची त्याचं. म्हणजे उद्या थंडी किती पडणार, ते आजच ठरवायचं. आणि तेही आपल्या भागात, जिथे पाद्रीबुवासुद्धा हवेबद्दल शब्द देत नाहीत! मी थंडी धरली की हटकून ऊन पडायचं आणि आम्ही खिडक्या उघडून घाम पुसत बसायचो. ऊन धरलं की गारा. शिवाय काहीही धरा, विटा दुपारीच दमायच्या आणि संध्याकाळी आम्ही ओव्हरकोट घालून जेवायचो.

यावर मी उपाय काढला. ऊब संध्याकाळी येत नसेल, तर संध्याकाळच सकाळी आणावी. पाद्रीबुवांना रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण पहाटेचं दिलं. बिचारे आले. मटणाचा रस्सा, बटाटे, वर घोटभर व्हिस्की, आणि मानाची जागा म्हणून पेटीला खेटून खुर्ची. त्यांनी आधी कोट काढला, मग कॉलर, मग घोरायला लागले. (त्या दिवशीचं प्रवचन फार थोडक्यात आटोपलं. लोकांनी माझे आभार मानले.) उना म्हणाली, “अहो, न्याहारीला कुणी मटण खातं का?” मी म्हटलं, “ऊब आहे तोवर खाऊन घे गं!”

इथवर तिनं सहन केलं. मग मार्च संपला. उन्हाळा आला म्हणून आपण सगळे घड्याळं तासभर पुढे करतो, पण स्वस्त विजेचं मीटर करत नाही; ते बारा महिने हिवाळ्याच्याच वेळेवर चालतं. मला वाटलं, ऊब ज्याची, वेळही त्याचीच. शनिवारी झोपण्यापूर्वी उनानं सगळी घड्याळं पुढे केली, आणि ती झोपल्यावर मी मागे केली. तिच्या मनगटी घड्याळासकट.

रविवारी दुपारी तिचं गाणं होतं. सभागृहात, एकटीचं, पहिल्यांदाच. हिवाळाभर ती तयारी करत होती. आम्ही पोचलो तेव्हा लोक खुर्च्या रचत होते आणि पियानो वाजवणाऱ्या बाई टोपी घालत होत्या. म्हणाल्या, “अगं, होतीस कुठे? तुझं गाणं गाळावं लागलं.” मी समजूत घातली, की आपण वेळेवरच आलोय, गावच पुढे गेलंय. त्यानंतर ती एकदाच बोलली, बसमध्ये चढताना. “तुम्हाला बायको नको, मीटर हवंय. करा त्याच्याशी संसार!”

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

आपला नम्र,
मर्डो

ता. क. तुम्हाला लिहिलं, कारण माझं अक्षर दिसलं की ती पाकीट फोडत नाही. तिला सांगा, माझं सगळंच चुकलं.

आणखी एक ता. क. ते गाणं मी नुसतं तुकड्यातुकड्यांनीच ऐकलंय, भांडी घासताना. मला ते सबंध ऐकायचं होतं हो, ताई.

अगदी शेवटचं. घर उबदार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी तुमच्या समोरच्या चहाच्या दुकानात बसलोय. हे पत्र आणून देणाऱ्या बाई इथल्याच. त्यांना दुकान बंद करायचंय. तुमच्या खिडकीत उना दिसतेय. तोंड हलतंय, पण गातेय की मला शिव्या घालतेय, ते काचेतून कळत नाही. दोन्ही चालेल. फक्त दार उघडायला सांगा.