मागची सीट

५ फेब्रुवारी

ठरलं! लाल गाडी घ्यायची.

शोरूममध्ये बसून बघितली. बसून कसली, पालथं पडून बघितली. हँडल इतकं खाली की हनुवटी टाकीला लागते की काय! रेसच्या गाड्या अशाच असतात म्हणे. रॉकेट समोर उभा राहून फोटो काढत होता. (शाळेपासून त्याला सगळे रॉकेटच म्हणतात, खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागत असेल.) "हीच घे! आपण काय म्हातारे झालो का?" म्हणाला. मी चाळीस, तो एक्केचाळीस. मान अजून दुखतेय.

घरी आल्यावर बायकोला फोटो दाखवला. तिनं चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा एकदा बघितला.

"मागे कोण बसणार?"

"कोणी नाही. तू तर बसणार नाहीस."

"हं," म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

६ फेब्रुवारी

हं म्हणजे काय?

९ फेब्रुवारी

दवाखान्याच्या इमारतीतल्या लिफ्टचे दोर आज बदलून झाले. आधी वजनं भरून चार फेऱ्या. मग मी एकटा आत. आमच्या कामात हे ठरलेलंच आहे — दुरुस्त करणाऱ्यानं पहिल्या फेरीला स्वतः आत उभं राहायचं, मगच लोकांना सोडायचं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता, "आपल्या कामावर आपला जीव ठेवायचा, दुसऱ्याचा नाही." घरी येऊन ते बायकोला सांगितलं होतं तेव्हा ती जाम खूश झाली होती. डॉक्टरांनाही असाच नियम पाहिजे म्हणाली होती.

चौथ्या मजल्यापर्यंत मी ठीक होतो. मग एकदम छातीत धडधड. लिफ्टची नाही. गाडीचीच. पावणेदोन वर्षं झाली आम्हाला पडून. मला कोपरावर खरचटलं. तिच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली. जुनी गाडी भंगारात गेली. ती औषधांच्या दुकानात कामाला बसनं जाते, मी कंपनीच्या व्हॅननं. बसमध्ये चढताना आधी डावा पाय टाकते, मग दांडा धरून उजवा ओढून घेते. मी खिडकीतून रोज बघतो. तिला माहीत नाही.

आणि मी निघालोय लाल गाडी आणायला! जिची मागची सीट पाठ्यपुस्तकाएवढी, आणि तीही माळ्यावर ठेवल्यासारखी उंच.

११ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा शोरूम. खिशात टेप. लाल गाडीची मागची सीट जमिनीपासून शहाऐंशी सेंटिमीटर. त्याच्यावरून उजवा पाय पलीकडे टाकायचा! शक्यच नाही. शेजारी एक राखाडी गाडी होती — साधी, रोजच्या वापराची. हँडल वर, पाठ सरळ, सीट लांबरुंद आणि मऊ. मागे एकोणऐंशी, पुढे तर आणखी कमी.

विक्रेता बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, गाडी घेताय की कपाट?"

राखाडी गाडी चालवून बघितली. खड्डा आला आणि गेला, कळलंसुद्धा नाही. खूप बरं वाटलं. मग लाज वाटली. चाळीस वर्षांचा बाप्या, आणि गाडीत काय बघतो तर गादी!

पण खरी भीती वेगळीच. ही गाडी आणली की ती एक शब्द न बोलता ओळखेल मी कशासाठी आणली ते. मग नाही म्हणणं तिला जड जाईल. किंवा जड जाणारच नाही, पटकन नाही म्हणेल. कुठलं वाईट?

१३ फेब्रुवारी

तिनं अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. मला सांगितलं नाही. तिच्या दुकानातला माणूस रस्त्यात भेटला म्हणून कळलं. "वहिनी बऱ्या आहेत ना आता?" मी म्हटलं हो हो!

घरी विचारलं, कुठे गेली होतीस? "एक काम होतं." संपलं.

१४ फेब्रुवारी

तिच्या पर्समधून चिल्लर काढताना एक पाकीट दिसलं. सरकारी शिक्का. आत तिचे दोन छोटे फोटो आणि डॉक्टरांचं कसलं तरी सर्टिफिकेट. पुढे वाचायची हिंमत झाली नाही. तसंच ठेवलं.

पाय बिघडला का पुन्हा? का नोकरी बदलतेय? दुसऱ्या गावी? एकटी?

जेवताना मला म्हणाली, "घास तरी गीळ, कधीचा चावतोयस."

१६ फेब्रुवारी

राखाडी गाडी नक्की केली. रॉकेटला फोन केला. दोन मिनिटं हसतच होता. "काकांची गाडी! हँडलला दुधाच्या किटल्या अडकव आता!" मी पण हसलो. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. खरं कारण त्याला सांगता आलं असतं.

ही मात्र फोटो बघून भलतंच विचारत बसली. "पाय टेकतात का?" टेकतात. "दोन्ही? पूर्ण?" अगं हो! "क्लच कडक आहे का?" माझ्या उंचीची थट्टा चाललीय हे कळलं. साडेपाच फूट आहे मी, काही बुटका नाही.

१७ फेब्रुवारी

मेहुण्याचा फोन. नव्या गाडीचं कळलं त्याला. नेहमीप्रमाणे ताईपुराण सुरू. "बाबांच्या गाडीवरून ताईच मला शाळेत सोडायची. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही!" लग्नाआधीच्या गोष्टी. दरवेळी तेच सांगतो.

१९ फेब्रुवारी

आज लिहून टाकतो. इथे नाही तर कुठे लिहिणार?

त्या दिवशी पुढे एक टेम्पो होता. मी ओव्हरटेक करायला वेग वाढवला. मागून ती म्हणाली, "हळू." मग पुन्हा, जोरात, "अरे, हळू!" मी सगळ्यांना सांगितलं की वाऱ्यात ऐकू आलं नाही. पोलिसांना, डॉक्टरांना, तिच्या आईला. तिलाही तेच सांगितलं, ती कॉटवर पडलेली असताना, हात हातात घेऊन!

ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.

२२ फेब्रुवारी

गाडी आली.

२३ फेब्रुवारी

सकाळी कामावरची टेस्टिंगची वजनं आणली. मागच्या सीटवर पोत्यात घालून पट्ट्यांनी आवळली. एकूण बासष्ट किलो. लिफ्टला हे करतो तर गाडीला का नाही? ब्रेक लावून बघितला, वळून बघितलं, खड्ड्यातून नेली. गल्लीतली माणसं थांबून बघत होती. बघू देत.

परत आलो तर ही जिन्यात उभी.

"हे कोण बसलंय?"

"तू."

तिनं पोत्यात डोकावून वजनं मोजली. "छप्पन आहे मी," म्हणाली. खाली बसून पट्टा सोडला, एक पाचाचं आणि एक एकाचं वजन काढून माझ्या हातात दिलं. "आता चालव."

पुन्हा एक चक्कर मारली. हसावं की रडावं कळेना!

२४ फेब्रुवारी

विचारलं. गेले वीस दिवस घशात अडकलेलं, आज चहा पिताना विचारूनच टाकलं. "बसशील?"

"मागे? नाही."

आवाज चढवला नाही, काही नाही. कप विसळला, पालथा घातला आणि कामाला गेली.

मी गाडीवर चादर टाकली. व्हॅननं गेलो.

२६ फेब्रुवारी

सांगितलं तिला. ती कपडे वाळत घालत होती. मागून बोललो, तोंड बघायची हिंमत नव्हती. "मला ऐकू आलं होतं. त्या दिवशी. दोन्ही वेळा."

तिनं चिमटा लावला. मग म्हणाली, "माहितेय."

"कसं?"

"पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तू मान हलवलीस. हेल्मेट हललं. मला वाटलं, ऐकलं, आता हळू करेल."

पावणेदोन वर्षं! त्या खोटेपणाशेजारी बसून ती जेवली, माझे डबे भरले. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू कधी बोलतोस ते बघत होते." बादली उचलून आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "माझ्या हेल्मेटची काच कुठे ठेवलीयस?" मी सांगितलं, माळ्यावर. कशाला हवी ते विचारायचं सुचलंच नाही. मी रडत होतो.

१ मार्च

सकाळी चादर निघालेली. गाडीशेजारी ही, हेल्मेट घालून, हातात ते पाकीट. आत लायसन्स. नवं करून घेतलेलं. "मला गाडीची भीती कधीच नव्हती रे. मागे बसून नुसतं सांगत राहायचं, त्याची आहे." मग पुढच्या सीटवर बसली, दोन्ही पाय पूर्ण टेकवले. "तुमच्यात दुरुस्त करणारा पहिल्या फेरीला आत असतो ना? बस मागे."

बसलो. गिअर बदललेला कळला नाही. पुढे एक टेम्पो आला. म्हणालो, "हळू."

एकदाच. तिनं वेग कमी केला.