पोरं कमी करा म्हणाले ती मीच

१६ जानेवारी
बोलले म्हणजे बोलले. त्यात विचारायचं काय? सभा सगळ्या गावाची होती, माइक सगळ्यांसाठी होता, दोन मिनिटं मलाही होती. कॉलेजने बाहेरदेशची पोरं कमी घ्यावीत, सरकारने आकडा ठरवून द्यावा – एवढंच म्हटलं. गाव केवढं, पोरं किती! एकेका घरात दहा-दहा जण. आणि माझा नातू टेरो बायको-तान्हीला घेऊन माझ्या तळघरात. नळ गोठले की बादल्या वाहतो. मी कोणाच्या रंगाबद्दल बोलले नाही. घरांबद्दल बोलले.

कॉलेजचा साहेब म्हणाला, "आजी, ही पोरं आहेत म्हणून कॉलेज चालतंय." म्हटलं, "मग ठेव की तुझ्या तळघरात." लोक हसले. टाळ्या पडल्या. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१९ जानेवारी
वृद्धाश्रमात जाऊन आले. आर्वो तसाच. नवरा माझा, पण दोन वर्षं झाली, मला ओळखत नाही. मी चमचा नेला की ओठ घट्ट. रात्रीचं जेवण नवरूप नावाची मुलगी भरवते तेवढंच काय ते खातो. पंजाबची पोरगी. दिवसा कॉलेज, संध्याकाळी इथे काम.

२ फेब्रुवारी
आज सरळ विचारलं तिला, "तू करतेस तरी काय?"
"काही नाही आंटी. बाजूला बसते, माझी रोटी खाते आणि गप्प राहते. तुम्ही समोर बसता आणि बोलत राहता."
तोंडाळ आहे. पण खरं बोलली. आर्वोने एकवीस वर्षं जंगलात लाकूडतोड्यांच्या कॅम्पात काढली. तिथे जेवताना बोलायची बंदी. लांब बाकावर खांद्याला खांदा लावून खायचं आणि उठायचं. लग्न झाल्यावर मला वाटायचं, माझा स्वैपाक आवडत नाही याला.
"तुला कॅम्पाचं कोणी सांगितलं?"
"कुठला कॅम्प? आमच्या गुरुद्वारात लंगरला ओळीने बसतात, म्हणून मी तशी बसले."

११ मार्च
ओटावाच्या सरकारने आकडा ठरवला. पोरं निम्म्यावर येणार म्हणे. टेरो मला मुम्मो म्हणतो, म्हणजे आजी. जिन्यातूनच ओरडला, "मुम्मो, तुझं ऐकलं बघ सरकारने!"
माझं कशाला ऐकतील. तरी वेलचीचा पाव केला.

२० मार्च
नवरूप ताट पुसता पुसता म्हणाली, "आंटी, त्या सभेत मी मागे उभी होते."
म्हटलं, "मग तूही बोलायचंस. माइक होता की."
"नाव दिलं होतं. पण माझी इथली ड्यूटी सुरू होणार होती. आर्वो अंकल जेवायचे होते."

१० जून
टेरोला घर मिळालं. दोन खोल्या, पुढे थोडं अंगण. भाडी उतरली ती उतरलीच. तेव्हा मी म्हणाले ते चूक नव्हतं. लिहून ठेवते.

२२ ऑगस्ट
कॉलेजने सप्टेंबरचा वर्ग रद्द केला. पोरं पुरली नाहीत. नवरूपचा या देशात राहायचा परवाना त्याच वर्गावर. टोरांटोकडे एका कॉलेजात जागा मिळतेय, तिकडे जाणार. नाहीतर परत पंजाब.
म्हटलं, "माझं तळघर रिकामं झालंय. राहा. भाडं नको."
हसली. "आंटी, राहायला जागा आहे. वर्ग नाही."
म्हटलं, "शिव्या तरी दे मला."
म्हणाली, "टेरोचं बाळ बसायला लागलं का?"

२५ ऑगस्ट
कॉलेजात गेले. तोच साहेब. मला वाटलं, आता हा सभेचं उट्टं काढणार. नाही काढलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "एकीसाठी वर्ग उघडता येत नाही, आजी. मीही डिसेंबरपर्यंतच आहे इथे."
पाणी न पिता उठले.

५ सप्टेंबर
गेली. बस सकाळची होती. काल रात्री आर्वोने पूर्ण ताट खाल्लं.

८ सप्टेंबर
बाजूला बसले. गप्प. माझा पाव खाल्ला. तिच्यासारखंच सगळं. आर्वोने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पलीकडे ओढली.

१३ सप्टेंबर
नाही.

१७ सप्टेंबर
तीन चमचे सूप. मग नाही. रात्रीच्या पाळीला आता एकच बाई, सव्वीस म्हातारे. ती तरी काय करेल. ताट ठेवते, अर्ध्या तासाने उचलते. मी विचारलं, आणखी माणसं घेत नाही का? म्हणाली, "कोण येणार इथे? पोरंच यायची."

२६ सप्टेंबर
टेरो म्हणतो, "मुम्मो, तुझ्या दोन मिनिटांनी ओटावा हललं असं वाटतं का तुला? उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."
खरं आहे. मी बोलले नसते तरी हेच झालं असतं. पण मी बोलले होते. आणि टाळ्या पडल्यावर हात वर केला होता.

आर्वोची मनगटं काठीसारखी झालीत.

३ ऑक्टोबर
डॉक्टरने विचारलं, अन्न द्यायला पोटात नळी घालायची का. मी नको म्हटलं.
का, ते मी कोणाला सांगणार नाही. इथेही नाही.