उजवीकडचा लाल दिवा

आई, माझ्या गाडीचा मागचा उजवा दिवा बिघडला होता. मी नर्स झाले, मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात लागले, आणि गेल्या वर्षी जुनीच पण स्वतःची चारचाकी घेतली, हे तुला कुठून ठाऊक असणार. रोज जव्हारहून जाते नि परत येते. या श्रावणात एका संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं, की रस्त्याची कडाही दिसेना. माझ्यामागे दवाखान्याची अँब्युलन्स होती. जव्हारला पोहोचल्यावर तिच्या ड्रायव्हरने मला थांबवलं. म्हणाला, मॅडम, तुम्ही ब्रेक मारला की उजवा दिवा पेटायच्या जागी विझतो. वळणावर मी तुमच्या अंगावरच येणार होतो.  

रविवारी बाबांना म्हटलं, बघायचं का? जीपमधून दाभोशाला माणसं नेण्याच्या फेऱ्या बंद करून त्यांना बरीच वर्षं झाली. जीप विकली, डोळ्यांना कमी दिसतं, पण गाडीचं काम म्हटलं की लगेच चप्पल घालतात. आधी आम्ही बल्ब बदलला. तरी तेच. मग डावीकडचा चांगला बल्ब काढून उजवीकडे लावला, तो तिथे मिणमिणला आणि ब्रेक दाबताच विझला. म्हणजे बल्बचा दोष नव्हता. फ्यूज बघितले, ते शाबूत. होल्डरमध्ये हिरवा गंज होता, तो बाबांनी पॉलिश पेपरने घासला. काहीच फरक नाही. बाबा वैतागले, मी त्यांच्यावर वैतागले. शेवटी डिकीतली चटई उचलली तर खाली ओल. दिव्याची अर्थिंगची वायर जिथे पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते, तिथला पत्रा गंजून पापडासारखा झालेला. बाबांनी वायर सोडवली, शेजारी चांगला पत्रा घासून तिथे आवळली आणि मला म्हणाले, बस आत, दाब ब्रेक.

मी ब्रेक दाबला आणि विचारलं, लागला का? मागून काहीच आवाज नाही. पुन्हा विचारलं. आरशात बाबा दिसत होते, दिव्याकडे बघत उभे. दिव्याचा लाल उजेड त्यांच्या सदऱ्यावर पडला होता, म्हणजे लागलाच होता. पण ते बोलेनात. मी उतरून मागे गेले.

आई, तुझ्या अबोल्याच्या त्या वर्षाबद्दल आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही. तुझ्या माहेरून, सूर्यमाळहून निरोप आला होता, तुझ्या आईचं काही खरं नाही, लगेच ये. बाबांनी दाभोशाच्या लग्नाचं वऱ्हाड घेतलेलं होतं. ते म्हणाले, संध्याकाळी नेतो. लग्नसराईत वर जायला दुसरी गाडी मिळेना. तू पिशवी भरून ओट्यावर बसून राहिलीस, दुपारी जेवलीही नाहीस. आपण पोहोचलो तेव्हा आजीला अंगणात ठेवलेलं होतं. त्यानंतर तू बाबांशी बोलली नाहीस. सगळं माझ्या तोंडून, बाबांना सांग पान वाढलंय, बाबांना विचार भाकरी हवी का. फक्त सकाळी जीप निघायच्या आधी तू पिठाचे हात घेऊन मागे जाऊन उभी राहायचीस, बाबा ब्रेक दाबायचे, आणि तू म्हणायचीस, "लागला." तेवढंच. मला तेव्हा वाटायचं, गाडीत माणसं बसणार म्हणून तू ते करतेस. पुढच्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली आणि तू गेलीस.

बाबा डिकीला हात टेकून म्हणाले, "तेवढा एकच शब्द बोलायची ती माझ्याशी, बाय. दिवा चांगला असला तरी मी परत ब्रेक दाबायचो. परत म्हणायची. चिडली नाय कधी."

 मी पेचकस, पाना गोळा करू लागले. जरा वेळाने ते म्हणाले, तिच्या माहेरी जाऊन येऊ.

तू गेल्यापासून ते तिकडे फिरकले नव्हते. पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो. वाटेत ते खिडकीबाहेर बघत बसले होते. मामा आता पार वाकलाय, पण बाबांना बघून त्याने स्वतः खाट टाकली. बाबांनी चहाची वाटही बघितली नाही. म्हणाले, त्या दिवशी मी तिला वेळेवर आणलं नाय, वऱ्हाड घेऊन गेलो. मामा त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आम्हाला तर ती बोलली, गाडी बंद पडली होती," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभर गाडीखाली पडून होता, असं बोलली."

बाबांनी टॉवेल तोंडाला लावला. मामा उठून पाणी आणायला गेला, त्याला परतायला बराच वेळ लागला. मी तिथेच बसून होते आणि मला हिशेब लागत नव्हता. आजी अंगणात असताना, रडता रडता, तू माहेरच्या माणसांसमोर बाबांची बाजू सांभाळलीस. आणि घरी येऊन बोलणं टाकलंस. यातलं कुठलं खरं होतं? दोन्ही असतील. पण तू बरी झाली असतीस तर बाबांशी बोलली असतीस का, हे मी कोणाला विचारू? तू आजारी असताना मी तुझ्या उशाशीच होते, विचारता आलं असतं. मी तुला फक्त औषध कधी घ्यायचं ते विचारत होते.

हे लिहायला घेतलं तेव्हा बाबांना वाचून दाखवायचं मनात होतं. नाही दाखवणार. तू गेल्यापासून मी त्यांच्याशी कमी बोलते ते आधी अभ्यासामुळे, आता ड्युटीमुळे, थकव्यामुळे, असंच ते समजतात. मी तुझ्यासाठी त्यांच्यावर रागावले होते, आणि तू मला रागवायला कधीच सांगितलं नव्हतंस.