पट्ट्यावर ताईचा नंबर

५ मार्च, बुधवार

बाईसाहेब गेल्या. सकाळी साडेसहाला, स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर. सोळा वर्षांची मांजर, आश्चर्य वाटायचं कारण नाही. तरी बशीत दूध ओतून बसले.

प्राण्यांवर अंत्यसंस्कार करणाऱ्यांची गाडी अकराला आली. मीही सोबत गेले. गोदामांच्या रांगेत त्यांची जागा – पुढे स्वच्छ खोली, दोन खुर्च्या, मागे छोटी भट्टी. तिथला माणूस माझ्याच वयाचा असेल. 'जाळणं' हा शब्द त्याने एकदाही वापरला नाही. सोबत द्यायचं कापड सुती हवं, म्हणाला. मी आईचा जुना गाऊन नेला होता. बाईसाहेबांना थंडी वाजत असावी, तसं त्याने त्यात गुंडाळलं. मग गळ्यातला पट्टा काढला आणि पितळी चकतीवरचा फोन नंबर वहीत उतरवून घेतला.

नंबर ताईचा. आईनेच कोरून घेतलेला. तेव्हा मला लागलं होतं – आईजवळ राहते मी, आणि नंबर परगावच्या ताईचा! आई म्हणाली, "हरवली तर तू शोधत पळशील, फोन राहील घरी. ताई उचलते तरी." खोटं नव्हतं.

भट्टी चारला लावणार होते. थांबता का, विचारलं. नाही थांबले. का नाही थांबले?

ताईला कळवायला हवं.

६ मार्च

नाही कळवलं.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. बरोबर अकराला. आई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ती फक्त रविवारी फोन करते आणि फक्त आईच्या मांजरीची चौकशी करते. "बाईसाहेब जेवल्या?" माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, थोडंसं." कुठे बसल्यात? खिडकीत, म्हटलं. तीन मिनिटं. संपलं.

काय करून बसले हे! पण खरं सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी तिने फोन कशासाठी केला असता? आमच्यात बोलण्यासारखं दुसरं उरलंय काय?

११ मार्च

निदान इथे तरी खरं लिहावं. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी हेच केलं होतं. भाच्याची परीक्षा चालू होती. डॉक्टर म्हणाले, मोठीला बोलावून घ्या. मी रोज ताईला सांगत राहिले – बरी आहे, झोपलीय. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. भांडली नाही, ओरडली नाही. "झोपलीय म्हणालीस तू," एवढंच.

तिच्या जिवाला घोर नको म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगते. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की शेवटचे दिवस आई एकट्या माझ्या वाट्याला यावी असं वाटत होतं.

१६ मार्च, रविवार

"काय चाललंय बाईसाहेबांचं?"

पंजे चाटतायत, म्हणाले. एवढा तपशील कशाला! खोट्याला मेली नक्षी हवीच. ताई "बरं" म्हणाली. मग, "आणखी काही?"

काही नाही, म्हटलं.

२० मार्च

भट्टीवाल्यांचा निरोप – रक्षेचं भांडं तयार आहे, घाई करू नका, सवडीने या. सवड आहे, धीर नाही.

अजूनही ऑफिसातून आल्यावर दार बोटभरच उघडते. पटकन बाहेर सटकू नये म्हणून.

२३ मार्च, रविवार

"जेवल्या?" "जेवल्या." मग ताईने विचारलं, "आणि तू?"

दोन वर्षांत पहिल्यांदा. संध्याकाळपर्यंत तेवढंच मनात घोळवलं. आता तर सांगणं आणखीनच अवघड झालं.

२९ मार्च, शनिवार

रक्षा आणली. मातीचं पांढरं भांडं, ओंजळीत मावेल एवढं. पट्टाही परत दिला.

सहीसाठी त्या माणसाने वही पुढे केली. बाईसाहेबांच्या ओळीत लिहिलेलं – '५ मार्च, दुपारी साडेतीन. पट्ट्यावरच्या नंबरवर बोलणं झालं. मोठी बहीण. परवानगी दिली.'

मी पुन्हा वाचलं. मग विचारलं. पट्ट्यावर नंबर असला की तिथे विचारल्याशिवाय भट्टी लावायची नाही, ही त्यांची रीत. एकदा कोणीतरी भलत्याच्याच कुत्र्याला निरोप देऊन गेलं होतं, तेव्हापासूनची. हे सांगताना तो ओशाळला. ताईने त्याला बजावलं होतं, मला काही बोलायचं नाही.

"म्हणाल्या, या वेळी तिचं तिला सांगू दे. मी विचारत राहीन."

सही कशी केली, आठवत नाही. बसमध्ये भांडं मांडीवर. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला! पंजे चाटतायत, म्हणाले मी. आणि तिने ऐकून घेतलं.

३० मार्च, रविवार

अकराची वाट पाहिली नाही. दहालाच मी फोन लावला. "ताई, बाईसाहेब गेल्या. पाच तारखेला."

"त्रास झाला का गं?"

नाही, म्हटलं. आईला मात्र झाला. तुला सगळं सांगायचंय. वेळ आहे का?

"आहे," म्हणाली.